शेवट सांगायचा नाही

माझं काम पुस्तकं वाचायचं नाही, पुस्तकं परत आणायचं आहे. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, बाई दिवसभर पानं उलटत बसत असणार. पानं मी उलटते, पण ती परत आलेल्या पुस्तकांची, आत काय राहिलंय ते बघायला. बसची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, गॅसची पावती, एकदा भाकरीचा वाळलेला पापुद्रा. तेलातुपाचे डाग पाककृतींच्या पुस्तकांवर जास्त असतील असं तुम्हाला वाटेल. ते रहस्यकथांवर असतात. जेवताना हातातून सुटत नाहीत त्या.

आमचं वाचनालय सिडकोत आहे. खाली पतसंस्था, वर आम्ही. मी इथं लग्नानंतर लगेच लागले आणि आता माझी मुलगी नोकरीला लागली आहे, यावरून किती वर्षं झाली ते समजून घ्या. एवढ्या वर्षांत मला माणसांच्या आवडीपेक्षा त्यांच्या सवयी जास्त कळल्या. एक काकू पुस्तकाचं शेवटचं पान वाचतात, तोंड वाकडं करतात आणि पुस्तक परत फळीवर ठेवतात. वाळूजच्या कारखान्यात असलेले सोनवणे पुस्तक हातावर तोलून घेतात. त्यांचं म्हणणं असं, की पातळ पुस्तक कंपनीच्या बसमध्ये जातानाच संपतं, मग येताना माणसानं काय करायचं? त्यांना विषयाशी देणंघेणं नाही. त्यांनी धर्मशास्त्राचा एक ठोकळाही वाचून काढलाय. कसा वाटला विचारलं तर म्हणाले, "चांगला टिकला."

पुस्तकं न वाचताच परत करणारे सगळ्यात जास्त. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही शनिवारची बैठक सुरू केली. दुपारी उन्हं उतरली की दहाबारा खुर्च्या गोल मांडायच्या, आणि ज्यानं त्यानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं. चहा वाचनालयाचा, बिस्किटं ज्याला वाटेल त्यानं आणायची. नियम दोनच. पाच मिनिटांत आटपायचं आणि शेवट सांगायचा नाही.

दुसरा नियम गायके साहेबांचा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातले, म्हणजे माझ्याच भागातले; त्यामुळे पुस्तक बदलताना आमच्या गावच्या बंधाऱ्यात पाणी किती आहे हे मला सांगावं लागायचं. एकदा बैठकीत कुणीतरी एका कादंबरीतला खुनी कोण ते सांगून टाकलं आणि तीच कादंबरी त्या वेळी साहेबांच्या पिशवीत होती. ते उठले, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे जमा करून घ्या. आता यात काही राहिलं नाही." पुढच्या शनिवारी नियम झाला. त्यानंतर कुणी शेवटाच्या आसपास जरी गेलं, तरी साहेब नुसतं बोट वर करायचे.

बैठकीत त्यांचा दरारा होता. जाडजूड चरित्रं आणि इतिहास यांच्याखाली ते उतरत नसत. कुणी हलकंफुलकं काही वाचलंय म्हणालं की ऐकून घ्यायचे, पण कंत्राटदाराचं बिल बघावं तसा चेहरा करून.

बालविभागाकडे तर बैठकीतलं कुणीच फिरकायचं नाही. बालविभाग म्हणजे जिन्याजवळचं हिरवं लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात लहानांची, खालच्या कप्प्यात जरा मोठ्यांची. त्यातलं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. लहान होते तेव्हा आमच्या घरात शाळेची पुस्तकं होती आणि वडील साखर कारखान्यात होते म्हणून कारखान्याचा वार्षिक अहवाल होता. तो मी वाचायची. मोठी झाल्यावर त्या वयाची पुस्तकं वाचायचं काही कारण नव्हतं. कुठलं पुस्तक किती फाटलंय, कुठल्या इयत्तेतल्या पोराला काय चालतं, एवढी माहिती कामाला पुरत होती.

अश्विनीला मात्र ते कपाट आतून माहीत होतं. ती फ्रॉक घालून यायची तेव्हापासूनची सभासद, आता बँकेत आहे आणि शनिवारी बैठकीला येते. तिची मुलगी वाचायला शिकली तेव्हा मी तिला खालच्या कप्प्यातलं एक जुनं पुस्तक काढून दिलं. तिनं मुखपृष्ठ पाहिलं आणि परत केलं. म्हणाली, "मॅडम, ह्या माणिकचं सोडून काहीही द्या. त्या पोरीचं तोंड बघायचं नाही मला." मी दुसरं दिलं. सभासदांच्या आवडीनिवडीची कारणं विचारत बसलं तर काउंटरवर रांग लागते.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर साहेब बैठकीला यायचे बंद झाले. अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, उजवा हात उशिरा का होईना हलू लागला, पण शब्द अडकले. समोरच्याचं सगळं कळायचं, बोलायला गेलं की शब्द सापडायचा नाही. वाचतानाही लांब वाक्य असलं तर शेवटाकडं पोचेपर्यंत सुरुवात निसटून जायची. हे मला त्यांच्या पत्नीनं, सुमनकाकूंनी सांगितलं. त्या पहिल्यांदाच वाचनालयात आल्या होत्या, साहेबांचीच कापडी पिशवी घेऊन.

काकू उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ताई, स्पीच थेरपीची पोरगी घरी येती. ती म्हणली, रोज मोठ्यानं वाचायचं. सोपं पाहिजे, मोठ्या अक्षराचं पाहिजे. पण लेकरांचं देऊ नका, फेकून देतील."

"सोपं, मोठ्या अक्षराचं आणि मोठ्या माणसाचं, असं कुठून आणू मी?"

"ते मला नाय माहीत. तुमचं काम हाय ते."

काम माझंच होतं. हिरव्या कपाटातून जरा जाड दिसणारं एक पुस्तक काढलं. तेच, माणिकचं. चार भागांची जुनी मालिका आहे ती. आमच्याकडे दुसरा आणि चौथा एवढे दोनच भाग उरले होते, म्हणून दुसरा दिला. चित्रांचं मुखपृष्ठ झाकलं जाईल असं खाकी कव्हर घातलं आणि काकूंना सांगितलं, कपाट कुठलं ते सांगू नका.

साहेब काही खुळे नव्हते. पहिल्याच पानावर त्यांना कळलं असणार. पण फेकलं नाही. रोज सकाळी गॅलरीत बसून मोठ्यानं वाचू लागले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, आणि काकू भाजी निवडत ऐकू लागल्या. आठवड्यानं काकू आल्या त्या पुस्तक बदलायला नाही, तर नुसतं सांगायला. "ते खेचर चोरीला गेलं, ताई. यांच्यापेक्षा मलाच घोर लागलाय. काल वरणाला फोडणी द्यायची राहिली." साहेब आता एक आख्खं वाक्य न थांबता म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. थेरपीच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या म्हणे, आणि साहेबांनी तिला डोळे वटारले. म्हणजे माणूस ताळ्यावर येत होता.

त्यानंतर काही दिवसांनी काकू पुन्हा आल्या. पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसल्या. तोवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"नको म्हणतात. काहीच नको. त्या थेरपीच्या पोरीलाबी येऊ नको म्हणून सांगितलं."

मी विचारलं, काय झालं?

"पुस्तक संपलं, पण शेवट कळंना त्यांना. चारदा वाचला. म्हणतात, लेकराचं पुस्तक कळंना, आता झालं आपलं. डोक्यात पाणी थांबत नाय म्हणतात. धरण बांधणारा माणूस, ताई. एवढं मातर नीट बोलले. अडखळले नाय."

"कळलं नाही म्हणजे नेमकं काय?"

"खेचर परत आलं कसं, एवढंच इचारतात. चोरीला गेलं ते कळलं. शेवटी पोरीजवळ हाय ते बी वाचलं. पण मधी कसं आलं, ते आठवंना. मला इचारलं. आता मी मधी कुकर बंद करायला उठले व्हते, तेवढ्यात आलं असंल तर मला काय माहीत?" मग माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा की. तुम्ही वाचलंच असंल."

मी म्हटलं, सांगते, पुस्तक राहू द्या.

दुपारी दोन ते चार वाचनालयात सामसूम असते. त्या दिवशी वर्गणीची पत्रं बाजूला ठेवून मी माणिकचा दुसरा भाग उघडला. फक्त खेचर शोधायचं होतं. शेवटून मागं येत चाळलं तरी भागलं असतं. पण पहिलं पान वाचलं आणि मग चहावाला येऊन गेलेलाही मला कळला नाही.

गोष्ट अशी. माणिकचे वडील गावोगाव फिरून घड्याळं दुरुस्त करतात. आई नाही. सामान वाहायला एक म्हातारं खेचर आहे, त्याचं नाव दिवाण. जत्रेत वडील तापानं पडतात, त्याच रात्री दिवाण चोरीला जातो आणि ती पोर वडिलांना धर्मशाळेत ठेवून एकटी त्याला शोधायला निघते. एवढंच. पण लिहिणाऱ्यानं कुठं गोंजारलेलं नाही. माणिक उपाशी आहे तर उपाशी आहे, त्यावर कुणी डोळे पुसत बसत नाही. एक बाई तिला भाकरी देते आणि बदल्यात दिवसभर दळायला लावते. माझा समज होता की मुलांच्या पुस्तकात ससे आणि उपदेश असतात. इथं एका पानावर माणिक विचार करते, की वडील मेले तर अवजारांची पेटी आपल्याला उचलेल का? तिला आधी पेटीच आठवते. आम्हा गावाकडच्या पोरींना असंच आठवतं. हे कुणी लिहिलेलं असेल याची मला कल्पना नव्हती.

शहाण्णवाव्या पानावर प्रकरण संपतं. माणिकला कळलेलं असतं की दिवाण नदीपलीकडच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे आहे, आणि ती संध्याकाळची नदीच्या काठावर उभी असते. समोरच्या सत्त्याण्णवाव्या पानावर, शेवटच्या प्रकरणात, माणिक नावेत बसलीय, वडील ठणठणीत आहेत, दिवाण शेजारी घंटा वाजवत उभा आहे आणि एका गावाच्या मनोऱ्यात नवं घड्याळ बसवायची तयारी चाललीय. पूर ओसरलाय म्हणे. कसला पूर?

मी मागं गेले. पुन्हा पुढं आले. पुन्हा मागं गेले. मला अर्धांगाचा झटका आलेला नव्हता आणि खेचर परत कसं आलं ते मलाही कळत नव्हतं.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. पुस्तक काही सुटी पानं जोडून होत नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्या कागदाच्या घड्या घालतात. त्याला फॉर्म म्हणतात. असे फॉर्म एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक तयार. वाचनालयातली पुस्तकं खिळखिळी झाली की आम्ही गठ्ठ्यानं बाइंडरकडे पाठवतो. तो जुनी शिवण उसवतो, फॉर्म सुटे करतो आणि पुन्हा शिवून पुठ्ठा चढवतो. सातवा फॉर्म सत्त्याण्णवाव्या पानाला सुरू होतो. आणि जुन्या छापखान्यात प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाखाली मुंगीएवढ्या अक्षरात खूण छापायचे, कुठल्या पुस्तकाचा कितवा फॉर्म ते कळावं म्हणून. वाचणाऱ्याची नजर तिथं कधी जात नाही. मी चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेलं. भाग चार, फॉर्म सात.

हिरव्या कपाटातून चौथा भाग काढला. सत्त्याण्णवावं पान, तळाशी खूण. भाग दोन, फॉर्म सात.

दोन्ही भाग एकाच वेळी बांधायला गेले होते आणि एकमेकांची शेपटं घेऊन आले होते. मालिका एकाच मापात छापलेली, कागद तोच, अक्षर तेच, माणसं तीच, शेवटचं प्रकरण दोन्हीकडे सत्त्याण्णवाव्यालाच सुरू होणारं. निदान वीसपंचवीस वर्षं ही पुस्तकं अशीच घरोघर जाऊन येत होती. किती पोरांनी वाचली असतील. एकानंही तक्रार केली नाही. मुलं मोठ्यांच्या जगातलं सगळंच असं धरून चालतात, की मधे काहीतरी झालं असेल, आपल्याला सांगितलं नसेल. आणि कुणी मोठ्या माणसानं वाचलं असतं, तरी आमच्या बैठकीत ते उघडकीला आलं नसतं. शेवट सांगायचा नव्हता ना.

मला खरं तर लगेच फोन करायचा होता. पण इंजिनिअर माणूस फोनवर सांगितलेलं मानत नाही, आणि त्यात आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगताहेत असा संशय आला असता तर तिथंच संपलं असतं. दोन्ही पुस्तकं पिशवीत घातली, शिपायाला काउंटरवर बसवलं आणि गारखेड्याला साहेबांच्या घरी गेले.

ते गॅलरीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. माझ्याकडं बघून मान हलवली, बसा म्हणून. मी बरंवाईट काही विचारलं नाही. स्टुलावर दोन्ही पुस्तकं शहाण्णवाव्या पानावर उघडून ठेवली, म्हटलं, "साहेब, जरा हे काम तपासून द्या. खालची खूण बघा."

आधी त्यांनी हात लावला नाही. मग डाव्या हातानं एक पुस्तक जवळ ओढलं. खाली वाकून पाहिलं. दुसरं ओढलं. पुन्हा पहिलं. मग शिवणीत बोट घालून पुस्तक जितकं उघडेल तितकं उघडलं, जसं एखाद्या भिंतीत भेग आहे का ते बघावं. चौथ्या भागातलं शेवटचं प्रकरण ते मनातल्या मनात वाचू लागले. ओठ हलत होते. मी रस्त्यावरची रिक्षा बघत बसले. बराच वेळ गेला. त्यांनी पुस्तक मिटलं नाही, त्यावर पंजा ठेवला.

"मी..." ते म्हणाले. थांबले. शब्द शोधत राहिले. मी तो पुरवला नाही. थेरपीच्या मुलीनं काकूंना तसं बजावलं होतं आणि काकूंनी मला. "मी... बरोबर... होतो."

काकू आतून चहा घेऊन येत होत्या. "काय म्हणले?"

"मी बरोबर होतो म्हणाले," मी सांगितलं.

"त्यात नवीन काय? लगीन झाल्यापास्नं हेच ऐकते मी."

साहेब हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूला जायचं, पण आवाज पूर्वीचाच होता. काकूंनी चहाचा कप माझ्याऐवजी त्यांच्याच हातात दिला आणि आत निघून गेल्या. परत यायला त्यांना जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं घेऊन शहागंजला बाइंडरकडे गेले. त्या काळी आमची पुस्तकं बांधणारे चाचा आता नाहीत, दुकान त्यांचा मुलगा अन्वर चालवतो. चाचा असते तर त्यांना चिडवायला मिळालं असतं, एवढी एक रुखरुख लागली. अन्वरनं दोन्ही पुस्तकं उसवली, फॉर्म पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अब्बा को मराठी पढना कां आता था, मॅडम. आंकडे देखते थे. छ्यानवे के बाद सत्त्यानवे आया, सुई डाल दी." मग बापाची बाजू घ्यावी म्हणून तो पुढं म्हणाला, "पन सिलाई देखो. इत्ते साल में एक धागा नै टूटा."

ते खरं होतं. चुकीचा शेवट इतक्या पक्क्या शिवणीत मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अन्वरनं ज्याचं शेपूट त्याला शिवून दिलं आणि दुसरा भाग तेच खाकी कव्हर घालून मी साहेबांकडे पोचवला. पुढच्या शनिवारी साहेब बैठकीला आले. जिना चढताना भिंतीचा आधार घेतला, माणसाचा नाही. त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत सोनवणे बसले होते, ते ताडकन उठले. साहेबांनी त्यांना हातानं बसवलं आणि स्वतः हिरव्या कपाटाजवळच्या खुर्चीवर बसले. सगळ्यांचं सांगून झालं. मग साहेबांनी पिशवीतून खाकी कव्हरचं पुस्तक काढलं, कव्हर काढून टाकलं आणि घड्याळवाल्याच्या पोरीचं चित्र सगळ्यांना दिसेल असं धरलं.

त्यांना पाच मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. घड्याळवाला, पोरगी, खेचर, जत्रा, ताप. एकेक शब्द येत होता आणि जाग्यावर बसत होता. नदीच्या काठापर्यंत आले आणि म्हणाले, "व्यापाऱ्याकडं... एक मुलगा. लंगडा. दिवाण त्याला... शाळेत नेतो. माणिक बघते. दिवाण... तिथंच... सोडते."

"साहेब, शेवट!" सोनवणे म्हणाले.

"नियम... माझा." साहेबांनी बोट वर केलं, पण आता स्वतःकडे. "मी मोडतो."

तेवढ्यात अश्विनी खुर्चीतून पुढं सरकली. "थांबा. हा दुसऱ्या भागाचा शेवट आहे? हा तर चौथ्याचा आहे. ती त्याला पुरातून वाचवते, नावेतून आणते आणि मग कुणाला तरी देऊन टाकते. मी लई रडले होते त्या वेळी."

मग मला बाइंडिंगची सगळी हकिकत सांगावी लागली. अश्विनीनं ती अर्ध्यात तोडली.

"म्हणजे चौथ्यात देऊन टाकत नाही?"

"नाही. घड्याळ बसवतात आणि सगळे जिलबी खातात. दिवाणसुद्धा."

"मी तिसरीत असल्यापासून त्या पोरीवर राग धरून बसलेय, मॅडम." तिनं साहेबांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि चित्राकडं बघितलं. "हिची माफी मागायला पाहिजे. माझ्या पोरीला द्या आता हे."

"पण मग," सोनवणे म्हणाले. त्यांनी दोन्ही भाग हातावर तोलून पाहिले होते. "दुसऱ्यात ती खेचर सोडून येते आणि चौथ्यात तिच्याजवळ खेचर आहे. मग परत आलं कसं?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. तिसरा भाग आमच्याकडे नव्हताच. साहेब मात्र सोनवण्यांकडं बघत होते. ज्या प्रश्नानं त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं, तोच प्रश्न आता धडधाकट माणसांच्या गोलात फिरत होता आणि उत्तर कुणालाच येत नव्हतं. त्यांनी बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि निवांत खाल्लं.

तेव्हापासून बैठकीतली माणसं हिरव्या कपाटाला हात लावू लागली. शेवटचं पान आधी वाचणाऱ्या काकूंनी एक पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, कारण आमच्या वाचनालयाच्या शेवटच्या पानांवर आता भरवसा नाही म्हणे. सोनवणे मुलांची पुस्तकं चारचार एकदम नेतात आणि वजन जमवतात. मीसुद्धा दुपारी एक घेते. काही अगदी टाकाऊ निघतात, तेही सांगते. पण काही अशी आहेत, की ती मला दहाव्या वर्षी मिळायला हवी होती असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणेन. दहाव्या वर्षी मी माणिकची पेटी वाचून पुढं गेले असते. तिचं ओझं मला आता कळतं. मुलं कमी येतात याचं वाईट वाटतं, पण कपाट रिकामं होतं आणि भरतं, हे काही कमी नाही.

तिसऱ्या भागासाठी मी ओळखीच्या सगळ्या ग्रंथपालांना फोन केले. शहरात नव्हता. खुलताबादला नव्हता. शेवटी कन्नड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात सापडला, माझ्या माहेराहून हाकेच्या अंतरावर. माझ्या लहानपणी तो तिथं होता की नाही, ते मी विचारलं नाही. तिथल्या ग्रंथपालबाईंनी तो एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला आणि मी बसस्थानकावर जाऊन घेतला. घरी नेऊन आधी प्रत्येक फॉर्मच्या तळाची खूण तपासली, मग एका बैठकीत वाचून काढला.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. कुणी कळवलं कुणास ठाऊक. काकू खाली पतसंस्थेच्या बाकावर थांबल्या होत्या. वर येऊन साहेबांनी काउंटरवर डावा हात टेकला.

"आला?"

"आला."

"तुम्ही... वाचला?"

"वाचला. शेवटपर्यंत. सगळी पानं ज्याची त्याला आहेत."

त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं, वळले, जिन्यापर्यंत गेले आणि तिथून परत आले. आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. काउंटरवरून माझ्याकडं वाकून हळूच, पण एका दमात विचारलं, "खेचर परत कसं येतं?"

मी बोट वर केलं.

"शेवट सांगायचा नाही, साहेब."